चहा झाकून ठेवते

ताई, नमस्कार.

परळला आमचं लहानसं हॉटेल आहे. चोवीस माणसं बसतात, वर पोरांना झोपायला माळा आहे. गिरण्यांचा संप झाल्यावर सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, १९८४ साली ते सुरू केलं. करोनानंतर त्यांना झेपेना, तेव्हापासून मी बघते. सकाळी पोहे, मिसळ, दुपारी राइस प्लेट, शिवाय जवळच्या इस्पितळांतल्या पेशंटसाठी पेज आणि मऊ भात बांधून देतो.

चारच्या चहाला समोरच्या टॉवरमधली ऑफिसची मुलं येतात. मागच्या टेबलावर बसून ते पेनासारखं वेप ओढतात. आंब्याचा, पुदिन्याचा गोड वास सुटतो. परवा मी म्हटलं, आत नको. तर एकजण म्हणाला, ‘आंटी, ये धुआँ नहीं है, वेपर है, इसपे बंदी नहीं है.’ मला पुढे काय बोलावं सुचलं नाही. त्यांच्यातलाच एक हल्ली गल्ल्यावर बंद पाकीट ठेवून जातो, संध्याकाळी दुसराच कोणी येऊन घेऊन जातो. आत वेप असतात हे मला आमच्या वाढपी पोराकडून कळलं.

पेशंटचे नातेवाईक येतात, तेही सिगारेट पेटवतात. कोणाची बायको आत ॲडमिट, कोणाचा मुलगा. त्यांना कुठल्या तोंडाने हटकायचं? मिस्टर म्हणतात, गिऱ्हाईक तोडू नकोस, शेजारचा हॉटेलवाला काही बोलत नाही, सगळे तिकडे जातील. आमचा वाढपी पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, विडीकाडीला शिवत नाही, पण गेला महिनाभर रात्री खोकतो.

कायदा नक्की काय सांगतो आणि मी बोलायचं कसं, हे सांगाल का? आप्पाही गल्ल्यावर बसून विडी ओढतात, पण त्यांचं आता वय झालं, ७८.

— एक वाचक, परळ

*

सगळ्यात आधी ते पाकीट. बाकीचं सावकाश करा, हे मात्र आजच.

ई-सिगारेट, म्हणजे हेच वेप, आपल्या देशात सप्टेंबर २०१९ पासून बंद आहे. आधी वटहुकूम निघाला, मग त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, परदेशातून आणणं, विकणं, वाटणं, इकडून तिकडे नेणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला मनाई आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तुमच्या गल्ल्याशी थेट संबंध असलेलं एक कलम त्यात आहे. जागेच्या मालकाने किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून तिथे वेपचा साठा ठेवू दिला, तर तोही गुन्हा. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोराने सांगेपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून तो मुलगा पुन्हा आला की चारचौघांत, आवाज न चढवता सांगा: ‘गल्ल्यावर कोणाचंही पार्सल ठेवत नाही.’ कारण द्यायची गरज नाही. सगळ्यांसाठी एकच नियम करा, म्हणजे त्याला वाद घालायला जागा उरत नाही. तरीही ठेवून गेलाच, तर उघडू नका, कचऱ्यात टाकू नका, पोलीस ठाण्याला कळवा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ते पाकीट तुमच्या वाढप्याच्या हातून कधीही देऊ-घेऊ नका. उद्या काही झालं तर पहिला हात त्याच्या मानेवर पडेल.

आता ‘बंदी नहीं है’ या म्हणण्याबद्दल. कायद्यात वेप ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, तेवढंच त्यात खरं आहे. पण त्याच्या हातातली ती वस्तू या देशात कोणी रीतसर विकूच शकत नाही. ती कुठून तरी चोरून आलेली आहे.

‘वाफ’ हा शब्दही फसवा आहे. तुमच्या इडलीपात्रातून निघते ती वाफ, निव्वळ पाणी. वेपमधून निघतात ते एका तापवलेल्या द्रवाचे बारीक थेंब. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेकांत निकोटिन असतं. तारेवर तापताना धातूचे अतिसूक्ष्म कणही त्यात उतरतात. तो आंब्याचा वास तुमच्यापर्यंत येतो, याचा अर्थ ते थेंब तुमच्यापर्यंत आलेले असतात. सिगारेटच्या धुरापेक्षा त्यात विषारी द्रव्यं कमी असतात, असं तो मुलगा म्हणेल. ते खरं आहे, नाकारू नका. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, आणि जे त्याने हौसेने घेतलं ते तुमच्या पोराने पगारावर का घ्यावं?

त्या पोराविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘रात्री खोकतो’. मी त्याच ओळीपाशी अडकले. ऑफिसचा मुलगा तुमच्याकडे वीस मिनिटं बसतो. पेशंटचा नातेवाईक अर्धा तास. तुमचा वाढपी सकाळी सहाला शटर उघडतो आणि रात्री तेच शटर ओढून वर माळ्यावर झोपतो. धूर कुठे जातो? गरम असतो, वर चढतो. दिवसभर खाली जे ओढलं गेलं, त्याच्यातच तो पोरगा रात्री अंथरूण घालतो. खिडकी उघडली, पंखा लावला की हवा साफ होते, असं आपल्याला वाटतं. वास कमी होतो हे खरं, पण पंखा धूर फक्त फिरवतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे सत्तर कॅन्सर करणारी आहेत. न ओढणाऱ्याने तो धूर घेतला तर हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा धोका वाढतो. इतका धूर चालेल, अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं अशी जातात, ज्यांनी स्वतः कधी ओढलेलं नसतं.

मात्र त्याचा खोकला धुराचाच, असं धरून बसू नका. मुंबईत दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला म्हटला की आधी टीबीची तपासणी करायची, हा नियम आहे. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. उद्या दुपारी गर्दी ओसरली की त्याला सोबत घेऊन जा. एकट्याला पाठवू नका. पोरं जात नाहीत, गेलो म्हणून सांगतात. आणि त्याचं झोपणं तूर्त दुसरीकडे करता आलं तर बघा.

तुमचं पत्र वाचताना मला माझी एक जुनी गोष्ट सारखी आठवत राहिली. लिहूनच टाकते. १९८० नंतरची वर्षं, मी फोर्टमधल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. आमच्या साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर एक शिपाई बसायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माळकरी माणूस. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. साहेब सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटवणारे. बेल वाजली की मामा दार उघडायचे आणि आतला धूर आधी त्यांच्या तोंडावर यायचा, मग ते आत जायचे. असं दिवसातून चाळीस वेळा तरी. संध्याकाळी निघताना ते डोक्यावरची टोपी काढायचे, नाकाशी धरायचे आणि घडी घालून पिशवीत ठेवायचे. बोडक्याने घरी जायचे. का विचारलं, तर म्हणाले, ‘घरात नातू आहे, वास येतो म्हणून जवळ येत नाही.’ पुढे त्यांना दोन जिने चढवेनात. दम लागायचा. तो साहेबांच्या सिगारेटीमुळेच, असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही, मीही म्हणणार नाही. पण अकरा वर्षं मी त्या दारासमोर बसले आणि ‘साहेब, मामांना त्रास होतो’ एवढं एक वाक्य कधी बोलले नाही. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. कदाचित ऐकलं असतं. ते वाक्य अजून माझ्या घशात आहे.

तेव्हा हाताशी कायदाही नव्हता. आज आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुंबईच्या माणसाने केली. एके काळचे महापौर मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने इस्पितळं, शाळा, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा आला, सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याचे नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि त्यांत हॉटेलं, कँटीन, कॉफी हाउस, बार, मॉल, सिनेमागृहं आणि खासगी कामाची ठिकाणंही स्पष्ट आली.

म्हणजे तुमच्या हॉटेलात सिगारेट-विडी ओढणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही काही बोला किंवा गप्प राहा. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम लहान आहे, म्हणून कोणी भीत नाही. पण तुमच्या बाजूचा भाग मोठा आहे. आपल्या जागेत कोणी ओढत नाही हे बघायची जबाबदारी मालकाची किंवा जागा चालवणाऱ्याची. तक्रार आली आणि त्याने काही केलं नाही, तर जितके ओढणारे तितक्यांचा दंड त्याच्यावर. प्रवेशाच्या दाराशी पाटी हवी, ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरपेक्षा लहान चालत नाही. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असा मजकूर. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही लावावं लागतं. ते नाव लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे. आणि ॲशट्रे, काडेपेटी, लायटर काही ठेवायचं नाही. तुमच्या गल्ल्यावर बडीशेपेच्या बशीशेजारी काडेपेटी असणारच, ती आजच आत स्वयंपाकघरात न्या. मागच्या टेबलावर राख झाडायला फुटकी बशी ठेवली असेल तर तीही उचला. बशी समोर असली की माणसाला परवानगी मिळाल्यासारखं वाटतं.

कोणी म्हणेल, मोठ्या हॉटेलांत स्मोकिंग रूम असते, तुम्हीही एक कोपरा करा. ती सवलत तीस किंवा त्याहून जास्त आसनांच्या हॉटेलांना आहे, आणि तिथेही छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा लागते. तुमच्या चोवीस खुर्च्यांना हा प्रश्नच उरत नाही. मला विचाराल तर बरंच झालं.

कोटपा तंबाखूच्या धूम्रपानाचा कायदा आहे, वेप त्यात नाव घेऊन आलेलं नाही. म्हणून पाटीखाली तुमची स्वतःची एक ओळ रंगवून घ्या: ‘वेप, ई-सिगारेट आत चालणार नाही.’ हॉटेल तुमचं आहे, तेवढा नियम तुम्ही करू शकता. मुंबईकराला हॉटेलातल्या पाट्या काही नव्या नाहीत. इराण्याच्या हॉटेलात आपण भिंतभर सूचना वाचत ब्रून मस्का खाल्लेला आहे. आज रोख, उद्या उधार. बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत. गप्पा मारत बसू नये. कोणाला राग आला नाही. लोक पुन्हा पुन्हा जातच राहिले.

आता बोलायचं कसं.

एक, हे काम पोराला सांगू नका. एकोणीस वर्षांच्या वाढप्याने हटकलं की काही गिऱ्हाइकांचा अहंकार दुखावतो, शिवी येते, कधी हातही उठतो. गल्ल्यावरून उठून तुम्ही स्वतः टेबलापाशी जा. लांबून ओरडून सांगू नका, सगळ्यांच्या माना वळतात आणि माणूस हट्टाला पेटतो. जवळ जाऊन, हळू आवाजात: ‘दादा, आत ओढायची नाही. बाहेर जाऊन या, तुमचा चहा झाकून ठेवते.’ आणि खरंच कपावर बशी झाकून ठेवा. या वाक्यात तुम्ही त्याला हाकलत नाही आहात. त्याची जागा, त्याचा चहा राखून ठेवता आहात. बाहेर जाणाऱ्या दहांतली नऊ माणसं परत येऊन तो चहा पितात, हे मी खानावळ चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे बसून बघितलेलं आहे.

ऑफिसच्या मुलांशी धूर की वाफ यावर वाद घालू नका. तो वाद त्यांच्या आवडीचा आहे. ‘वाफ असू दे, आमच्या हॉटेलात नको,’ इतकंच म्हणा आणि वळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं तर पुन्हा तेच, त्याच शब्दांत. चिडायचं नाही आणि एक दिवसही सोडायचं नाही. एक दिवस सोडलं की पुढचा महिना वाया जातो.

बाहेर म्हणजे अगदी उंबऱ्यावर नव्हे, हेही बघा. दारात उभं राहून ओढलं की धूर आतच येतो. उघड्या फुटपाथला हा कायदा सरसकट लागू होत नाही, पण दारापासून चार पावलं पलीकडे जा असं सांगायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. शेजारी टपरी असली तर तिथे सुट्ट्या सिगारेटी मिळत असतील. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी ती विकली जाते, हे आपण दोघी जाणतो. ते भांडण आत्ता अंगावर घेऊ नका. तुमच्या चार भिंतींपासून सुरुवात करा.

पेशंटच्या नातेवाइकांचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून तुमच्याबद्दल माया वाटली. टाटा आणि केईएमच्या आसपास ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना माहीत आहे, रिपोर्ट हातात घेऊन माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला समोरचा रस्ताही दिसत नसतो. खिशातली सिगारेट हीच त्याला सापडते. पण जरा दुसऱ्या टेबलाकडे बघा. तिथे जबड्याचं ऑपरेशन झालेला कोणीतरी तोंडाला रुमाल लावून बसला आहे आणि त्याची बायको तुमची पेज चमच्याने गार करते आहे. ती पेज तुम्ही रोज करता. त्या टेबलावर सिगारेटचा धूर जाऊ देणं तुमच्या हाताला पटेल का? केमो चालू असलेल्या माणसाला नुसत्या वासाने उमळून येतं. एकाच्या दुःखाची कदर करताना दुसऱ्याच्या ताटात धूर जाता कामा नये.

त्या नातेवाइकालाही तेच वाक्य सांगा, फक्त आधी पाण्याचा ग्लास पुढे ठेवा. ‘दादा, इथे पेशंट बसतात. बाहेर ओढून या, मी तुमचं ताट लावून ठेवते.’ इस्पितळाजवळचा माणूस ‘पेशंट’ हा शब्द ऐकतो. माझी खात्री आहे, बरेचसे ओशाळून विझवतील.

आता मिस्टरांची भीती. ती खोटी नाही, महिन्याचा हिशेब त्यांनाही जुळवायचा असतो. पण हीच भीती जगभरच्या हॉटेलवाल्यांनी बोलून दाखवली आहे. आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ पासून पबसकट सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद झालं. पब बुडतील, असं तिथेही म्हणत होते. पब आहेत, आणि तिथे काम करणाऱ्यांचा खोकला, घशाचे त्रास कमी झाले, हे नंतर तपासून पाहिलं गेलं. ठिकठिकाणच्या अभ्यासांचं सार हेच, की अशा नियमाने हॉटेलांचा धंदा बसत नाही. तुमच्याच हॉटेलात बघा. धुरामुळे न येणारं गिऱ्हाईक तुम्हाला दिसत नाही, कारण ते दारातूनच परत जातं. लहान मूल कडेवर असलेली बाई, दम्याचा माणूस, परीक्षेआधी नाश्त्याला येणारी मुलगी. मिस्टरांना सांगा, एक महिना करून बघू, रोजचा गल्ला वहीत लिहू. शेजारच्या हॉटेलवाल्याशीही एकदा बोला, तक्रार म्हणून नको, शेजारधर्म म्हणून. त्याचीही पोरं वर माळ्यावरच झोपत असतील.

आणि आता आप्पा.

तुम्ही त्यांचं शेवटी, घाईघाईत, एका वाक्यात उरकलं आहे. मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथे आहे. ऑफिसच्या मुलाला तुम्ही उत्तर देऊ शकला नाहीत ते कायदा माहीत नव्हता म्हणून नव्हे. पाठीमागे गल्ल्यावर विडी जळत होती, म्हणून. ते पोरगं तेव्हा बोललं नाही, पुढच्या वेळी बोलेल.

संप झाला, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद पडल्या, आणि किती घरं उघड्यावर आली हे परळच्या माणसाला मी काय सांगणार. त्यातून ज्या माणसाने दोन वर्षांत हॉटेल उभं केलं, त्याला सुनेने ‘विडी टाका’ म्हणायचं, हे सोपं नाही. गिरणीत पाळी सुटली की फाटकाबाहेर सोबत्यांबरोबर ओढायची ती विडी. त्यांचे किती सोबती आता उरले असतील? म्हणून तुम्ही सोडा म्हणू नका. आत नको, एवढंच म्हणा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांनाही वेगळ्या करूनच सांगा.

मिस्टरांना बरोबर घ्या, पण बोला तुम्हीच, कारण हॉटेल तुम्ही चालवता. दुपारच्या निवांत वेळी, गिऱ्हाईक नसताना. मघाशी सांगितलेल्या पाटीवरच्या नावाची गोष्ट आता काढा. तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव लिहावं लागतं. हॉटेल आप्पांनी उभं केलं, सकाळ-संध्याकाळ गल्ल्यावर तेच बसतात. विचारा त्यांना: ‘आप्पा, पाटी रंगवायला टाकते आहे. त्यावर तुमचं नाव लिहू का माझं? तुमचं लिहिलं तर तुम्हाला आत ओढता येणार नाही.’ सरळ असंच विचारा, यात डावपेच नको, त्यांना कळतील आणि दुखावतील. पोराच्या खोकल्याचंही सांगा. तो पोरगा गावाहून त्यांच्या भरवशावर आला आहे, तुमच्या नव्हे. ते ‘तुझंच नाव लिही’ म्हणाले, तर तुमचं लिहा, आणि नियम मग त्यांनाही तोच.

विडी म्हणजे पानाची, साधी, सिगारेटपेक्षा बरी, असं त्यांच्या पिढीला वाटतं. तसं नाही. विडी सारखी विझते, ती जळत ठेवायला जास्त झुरके घ्यावे लागतात, आणि डांबर, निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. पण हे त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवू नका.

‘वय झालं’ हेही मनातून काढा. ७८ व्या वर्षी सोडलेल्या विडीचाही शरीराला फायदा होतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात उतरतो, हृदयाचा धोका वर्षभरात बराच खाली येतो. आत ओढणं बंद झालं की दिवसाच्या विड्या आपोआप कमी होतात, कारण दर वेळी उठून बाहेर जायचा कंटाळा येतो. त्यातूनच एखाद्या दिवशी ते स्वतः म्हणतील, सोडून बघतो. तेव्हासाठी हा नंबर गल्ल्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १८०० ११ २३५६. तंबाखू सोडण्यासाठीची ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे, आणि तिचं मुंबईतलं केंद्र टाटा मेमोरियलच चालवतं, म्हणजे तुमच्या परळचंच. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोप न लागणं असं होतं, मग तीन-चार आठवड्यांत उतरत जातं. बीपीची, हृदयाची गोळी चालू असेल तर निकोटिनचा च्युइंगम सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तोच नंबर मागच्या टेबलावरच्या मुलांपैकी कोणी मागितला तर त्यालाही द्या. वेपचं व्यसन निकोटिनचंच असतं.

तोवर आप्पांसाठी बाहेर, दारापासून लांब, पाठीला टेकू असलेली एक खुर्ची ठेवा. या वयाच्या माणसाला फुटपाथवर उभं करू नका. चहा मात्र तिथे नेऊन देऊ नका. विडी झाली की आत येऊन, गल्ल्यावर बसूनच घ्या म्हणावं. तोपर्यंत कपावर बशी झाकून ठेवा.